सी मंदावत नाही, चाचणीच चुकलेली आहे

भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रोजेक्ट ग्रुपवर मेसेज आलाय: 'सी आणि ओपनएमपी सोडा. पाय (π) ची किंमत काढणाऱ्या प्रोग्रॅमला १६ थ्रेड दिले की सी उलट मंदावतं, गो १६ पट पळतं. कोड सोबत आहे.' सी आणि गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषा; ओपनएमपी ही सीमधलं काम अनेक थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांना, वाटून द्यायची सोय. तेवढ्या मेसेजवर पोरं भाषा बदलायला निघालीत.

कोड उघडून बघा ना! चौकोनात रँडम बिंदू टाकायचे, आतल्या वर्तुळात किती पडले ते मोजायचं, त्या प्रमाणावरून पाय निघतो. सीमध्ये बिंदू येतात रँड() या रँडम आकडे देणाऱ्या फंक्शनमधून. लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या लायब्ररीमध्ये रँड()ची स्थिती सगळ्या थ्रेडना मिळून एकच, आणि तिला लॉक, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत. म्हणजे १६ जण एकाच खिडकीपुढे रांगेत. वर ते लॉक असलेली कॅश लाइन (प्रोसेसरच्या जलद मेमरीतला छोटा तुकडा) प्रोसेसरच्या या कोअरकडून त्या कोअरकडे सतत ओढली जाते, म्हणून एका थ्रेडपेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. गोच्या कोडमध्ये मात्र प्रत्येक गोरुटीनला (गोमधला हलका थ्रेड) रँडम आकड्यांचा स्वतःचा जनरेटर दिलाय. मग तुलना भाषांची झाली कुठे? सीमध्येही प्रत्येक थ्रेडला वेगळं सीड (सुरुवातीचा आकडा) देऊन रँड_आर() वापरा, रांग संपते.

प्रत्येक थ्रेडची मोजणी ठेवलीय हिट्स[१६] या यादीमध्ये. आकडा ८ बाइटचा, कॅश लाइन ६४ बाइटची; एकीत ८ थ्रेडचे आकडे बसतात. एकाने लिहिलं की बाकीच्या कोअरमधली प्रत बाद, ती पुन्हा आणावी लागते. त्याऐवजी ओपनएमपीचं रिडक्शन लावा: प्रत्येक थ्रेड आपापलं मोजतो, बेरीज शेवटी.

वेळ मोजलाय क्लॉक() ने. लिनक्सवर ते सगळ्या थ्रेडचा सीपीयू वेळ एकत्र करून सांगतं, त्यामुळे काम नीट वाटलं गेलं तरी आकडा घटत नाही. प्रत्यक्ष घड्याळाचा वेळ सांगणारं ओएमपी_गेट_डब्ल्यूटाइम() घ्या. आणि सीचा कोड कंपाइल करताना त्याला वेगवान बनवणारा ओ-२ हा पर्यायसुद्धा दिलेला नाही!

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड बेली यांनी १९९१ मध्ये समांतर संगणकांचे आकडे दाखवून लोकांना फसवायच्या १२ युक्त्या लिहिल्या. समोरच्याचा ऑप्टिमाइझ न केलेला कोड तुलनेला घेणं ही त्यातलीच एक. पुण्यात सी-डॅकचा परम ८००० हा समांतर महासंगणक आला त्याच वर्षी.

सर्व्हर लिहायला गोरुटीन सोयीचे आहेत, हे मान्य. पायच्या प्रोग्रॅममध्ये जवळजवळ सगळं काम वाटता येतं, तिथे कोअर असतील तितकी पट मिळूही शकते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ५ टक्के काम जरी एकाच थ्रेडवर राहिलं, तरी संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडालच्या १९६७ च्या हिशेबाने १६ कोअरवर ९.१ पटच. शिवाय लॅपटॉपचे '१६' हे बरेचदा ८ कोअरच असतात, प्रत्येकावर दोन थ्रेड.

मोजायचंच तर प्रत्येक थ्रेड एका ठरावीक कोअरला बांधा, १, २, ४, ८ असे वाढवा, प्रत्येक वेळी १० रन घेऊन मधला आकडा धरा. आणि किती पट ते काढताना सर्वांत वेगवान एकथ्रेडी प्रोग्रॅमच्या वेळेला त्या आकड्याने भागा.