दोष मोबाईलचा नव्हता

सैनिक कमी पडले की भरती वाढवा, लढता लढता शिकतील, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २१ सप्टेंबर २०२२ ला पुतिननी युक्रेनमधल्या युद्धासाठी ३ लाख राखीव लोकांना बोलवायचं जाहीर केलं तेव्हाचे व्हिडिओ आठवा, हातात दिलेल्या रायफलींवर गंज चढलेला, आणि बुलेटप्रूफ जॅकेट, बूट, औषधं घरच्यांनी पदरमोड करून आणलेली. महिना व्हायच्या आत रशियातल्या चेल्याबिन्स्ककडून भरती झालेल्या काहींच्या मरणाची बातमी आलीसुद्धा, महिन्याभरात माणूस काय शिकणार हो?

आणि पूर्व युक्रेनमधल्या, रशियाच्या ताब्यातल्या मकीव्का शहरात झालं ते तर विसरताच येत नाही. नवीन वर्षाच्या रात्री नव्याने भरती झालेली शेकडो माणसं एकाच शाळेच्या इमारतीत ठेवलेली, दारूगोळाही तिथेच होता असं खुद्द रशियन ब्लॉगर लिहीत होते, त्यावर युक्रेनने हिमार्स या अमेरिकी रॉकेट लाँचरमधून सोडलेली रॉकेटं पडली, ८९ गेले असं रशियानेच मान्य केलं. वर कारण काय दिलं, तर बंदी असताना पोरांनी मोबाईल वापरले! अहो, नवीन वर्षाच्या रात्री घरी फोन करावासा कोणाला नाही वाटणार? फोनवरून जागा कळते हे त्यांच्या अंगी बाणवायचं काम अधिकाऱ्यांचं होतं, आणि एवढ्या माणसांना एका छपराखाली झोपवायचं त्या पोरांनी नव्हतं ठरवलं.