नवशिक्याला मिड-इंजिन गाडी द्या म्हणणाऱ्या त्या रीलबद्दल

परवा भाच्याने एक रील पाठवली, खाली लिहिलेलं, "मावशी बघ, मी म्हणत होतो ना!" लायसन्स हातात येऊन अजून धड वर्ष नाही झालं आणि या पठ्ठ्याने जुन्या टोयोटा एमआर-टू या मिड-इंजिन (इंजिन ड्रायव्हरच्या मागे) गाडीच्या जाहिराती सेव्ह करून ठेवल्यात. रीलमधले गृहस्थ नव्याकोऱ्या कॉर्व्हेटला टेकून सांगतायत की नवीन ड्रायव्हरची पहिली गाडी मिड-इंजिन स्पोर्ट्स कारच असावी, कारण चुका पोटात घालणारी दुसरी गाडी नाही. मी दुर्लक्ष करणार होते, पण संध्याकाळपर्यंत तीच रील फॅमिली ग्रुपवर फिरली आणि भाच्याच्या वडिलांनी वर अंगठाही दिला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

त्यांचे मुद्दे थोडक्यात असे. फॉर्म्युला वनच्या सगळ्या गाड्या मिड-इंजिन असतात, म्हणजे तीच सगळ्यात सेफ रचना. इंजिन मधे म्हणून पुढच्या-मागच्या चाकांवर वजन ५०-५०. घसरलीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी आपोआप सरळ होते. बाकी इलेक्ट्रॉनिक्स बघून घेतं. समोरून धडक झाली तर इंजिन अंगावर येत नाही. आणि शेवटी, अवघड गाडीवर शिकलात की जन्मात कुठलीही गाडी चालवाल. म्हणजे सोपी आहे म्हणूनही घ्यायची आणि अवघड आहे म्हणूनही घ्यायची, आधी स्वतःशी तरी ठरवा.

फॉर्म्युला वनचं आधी उरकते. १९५८ मध्ये अर्जेंटिनाच्या ग्रांप्रीत स्टर्लिंग मॉस कूपर गाडीतून जिंकला, इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेल्या गाडीचा वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला तो पहिला विजय. मग १९५९ आणि १९६० ला जॅक ब्रॅबमने कूपरमधूनच चॅम्पियनशिप घेतली आणि बघता बघता पुढे इंजिन असलेल्या गाड्या तिथून हद्दपार झाल्या. हे सगळं खरं. पण ते सेफ्टीसाठी झालं असं कुणी सांगितलं? ते झालं कारण गाडी चपळ वळते. आणि आजच्या एफ-वन गाडीत एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी गरगरू न देणारी यंत्रणा) नाही, दोन्हींवर बंदी आहे, तरी ती ट्रॅकला चिकटून राहते कारण पंख तिला खाली दाबतात आणि चालवणारा माणूस लहानपणापासून दुसरं काहीच करत नाहीये. तोसुद्धा अधूनमधून गरकन फिरून वाळूत जातोच की.

आता ५०-५०. मिड-इंजिन म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या मागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे. इंजिन मागे, गिअरबॉक्स मागे, मग वजन ५०-५० होईलच कसं? ज्या कॉर्व्हेटला टेकून साहेब बोलतायत तिचं वाटप साधारण ४० पुढे आणि ६० मागे आहे. लोटस एलिस या दुसऱ्या मिड-इंजिन गाडीचंही तसंच, मागेच जास्त. ५०-५० च्या जवळ जाणारी गाडी हवी असेल तर माझदा एमएक्स-५ बघा, आणि तिचं इंजिन पुढे आहे! बॉनेट उघडलं की समोर दिसतं. म्हणजे ज्या आकड्यासाठी मिड-इंजिन घ्या म्हणतायत तो आकडा दुसऱ्याच गाडीचा.

मिड-इंजिनचा खरा गुण वेगळाच आहे, तो रीलमध्ये आलाच नाही. सगळं जड सामान गाडीच्या मध्याजवळ असल्यामुळे ती स्वतःभोवती पटकन फिरते. खांद्यावर लांब शिडी घेऊन वळून बघा आणि तेवढ्याच वजनाची गोणी घेऊन वळून बघा, फरक लगेच कळेल. सराव असलेल्याला ही गोणी सोन्यासारखी वाटते. पण गाडी जशी हवं तेव्हा पटकन फिरते तशी नको तेव्हाही पटकनच फिरते. थिअरीत तेवढ्याच पटकन आवरताही येते हो, फक्त आवरणारा हातही तेवढाच पटकन चालला पाहिजे, आणि नवशिक्याचा हात नेमका तिथेच अर्धा सेकंद मागे असतो.

आता तो मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. "घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, आपोआप सरळ होते."

अहो, मिड-इंजिन गाडी वळणात फिरवायची असेल तर जे करतात तेच तुम्ही बचावाचा उपाय म्हणून सांगताय!

नीट बघू. हायवेवरून उतरणारा रॅम्प, पाऊस नुकताच थांबलाय, रस्ता ओला, आणि हे वळण पुढे जाईल तसं आवळत जातं. तुम्ही जरा जास्तच वेगात आत शिरलात. स्टिअरिंग वळवलेलं आहे, पण गाडी हवी तेवढी आत येत नाहीये, बाहेरचा कठडा जवळ येतोय. पोटात गोळा येतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून झटक्यात निघतो. सगळ्यांचा निघतो, शिकवावं लागत नाही. त्या क्षणी दोन गोष्टी एकदम होतात. वजनाचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो, म्हणजे आत्तापर्यंत घसरणारे पुढचे टायर अचानक रस्ता पकडतात, आणि स्टिअरिंग तर तुम्ही आधीच जास्त वळवून ठेवलंय. दुसरं म्हणजे इंजिन ब्रेकिंग मागच्या चाकांनाच लागतं, कारण ही गाडी मागची चाकं चालवतात. म्हणजे ज्या चाकांवरचा भार कमी झाला त्यांच्यावरच ब्रेकचं काम येऊन पडलं. मागचे टायर सुटतात. इंजिन, गिअरबॉक्स सगळं मागे, ते वजन बाहेर निघालं की निघालं. याला लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर म्हणतात, आणि घाबरलेला माणूस यानंतर एकतर ब्रेकवर उभा राहतो किंवा स्टिअरिंग उलटं गच्च फिरवतो आणि सरळ करायला उशीर करतो, मग गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते आणि ती फेक पहिल्यापेक्षा वाईट असते.

इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा साध्या हॅचबॅकमध्ये हाच घाबरट पाय बहुतेक वेळा वाचवतो. पुढची चाकं घसरत होती, पाय काढला, वेग कमी झाला, पकड आली, गाडी आत आली, हुश्श. रीलवाल्याने हॅचबॅकचा धडा उचलून मिड-इंजिनला चिकटवलाय.

इथे कुणीतरी कमेंट करणारच, म्हणून आधीच सांगते, हो, पुढची चाकं चालवणाऱ्या गाड्याही पाय काढल्यावर फिरतात, प्यूजो २०५ जीटीआय त्यासाठी चांगलीच बदनाम होती. पण घरच्यांसाठी बनवलेली बहुतेक साधी गाडी मुद्दामच अशी जुळवलेली असते की आधी पुढची चाकं घसरावीत, कारण कंपनीला माहितेय चालवणारा घाबरणार आहे.

आणि हा माझ्या डोक्यातला बागुलबुवा नाही. भाच्याने जाहिराती सेव्ह केल्यात ती दुसऱ्या पिढीची एमआर-टू घ्या, १९८९ साली आली. वळणात पाय काढला की मागून झटकते अशी तिची ख्याती झाली आणि टोयोटाने दोन-तीन वर्षांतच मागच्या सस्पेन्शनची रचना बदलली, चाकं मोठी केली, टायर बदलले. टोयोटासारखी कंपनी चालू मॉडेलचं मागचं सस्पेन्शन हौस म्हणून नाही बदलत. त्यातून टर्बोवाली असेल तर आणखी गंमत, वळणात पाय हलकासा दाबला, काही झालं नाही, अजून दाबला, आणि मग टर्बोचा जादा जोर, म्हणजे बूस्ट, एकदम आला. २०० हॉर्सपॉवर, ओला रस्ता, नवा ड्रायव्हर.

मग करायचं काय? वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा आणि वळणात पाय शांत ठेवायचा, काढायचा तरी हळूहळू. एका ओळीत लिहिता येतं, पण घाबरलेल्या पायाला हे कळायला मोकळ्या ट्रॅकवर, शेजारी शिकवणारा बसवून, पुन्हा पुन्हा करावं लागतं. रील बघून ते येत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सकडे येऊ. इथे मला थोडं मान्य करावं लागतं, नाइलाज आहे. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, खरंच भारी चीज आहे. गाडी फिरायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला आवरतं. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी, म्हणजे आयआयएचएस, यांचा अभ्यास सांगतो की ईएससीमुळे एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे नव्या कॉर्व्हेटमध्ये हे सगळं आहे म्हणाल तर आहे, वादच नाही. (जवळपास ५०० हॉर्सपॉवरही आहे, ते रीलमध्ये कसं राहिलं कोण जाणे.)

पण नवीन ड्रायव्हर नवी कॉर्व्हेट घेतोय का? तो घेतो जुनी, परवडणारी. आणि जुन्यात काय मिळतं? त्या एमआर-टूमध्ये ईएससी नाही. १९९६ च्या पहिल्या एलिसमध्ये तर एबीएससुद्धा नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला सर्व्होही (पायाचा जोर वाढवणारी मदत) नाही. त्याच वर्षी आलेल्या मिड-इंजिन पोर्श बॉक्सस्टरच्या सुरुवातीच्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल स्टँडर्ड नव्हतं. अमेरिकेत ईएससी सक्तीचं झालं २०१२ च्या मॉडेलपासून, युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना २०१४ पासून. म्हणजे रीलमध्ये दाखवायची एक गाडी आणि पोरांनी प्रत्यक्षात घ्यायची दुसरी, आणि ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर ही सगळी बडबड चाललीये ते दुसरीत नाहीच. शिवाय ईएससीलाही टायरची पकड लागते, टायरच रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगत असेल तर ते तरी काय करणार.

त्याच आयआयएचएसने तरुण ड्रायव्हरसाठी गाडी कशी निवडावी तेही सांगून ठेवलंय. जास्त हॉर्सपॉवर टाळा, ईएससी असलंच पाहिजे, आणि मोठी, जड गाडी जास्त सुरक्षित. त्यांनी सुचवलेल्या वापरलेल्या गाड्यांची यादीही असते, त्यात स्पोर्ट्स कार नसतात. रीलवाल्याचा सल्ला तिन्ही बाबतीत याच्या बरोब्बर उलटा.

"धडकेत इंजिन अंगावर येत नाही" याबद्दल फार लिहिणार नाही. आजकालच्या, इंजिन पुढे असलेल्या गाड्या धडकेत इंजिन खाली सरकावं असा विचार करूनच बनवतात. समोरचा ट्रक तुमच्या टनभराच्या, कमरेएवढ्या उंचीच्या गाडीवर आला तर इंजिन कुठे होतं हा प्रश्न फार मागे राहतो. मुळात त्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसायला हवेत, आणि तुम्हालाही मागचं दिसायला हवं. यातल्या बऱ्याच गाड्यांत मागे वळून पाहिलं की दिसतो तो खांब आणि इंजिनचं झाकण.

राहिलं "अवघड गाडीवर शिका". यात अर्धं तथ्य आहे, देते. कमी ताकदीची, हलकी, मागची चाकं चालणारी गाडी वजन कसं हलतं ते छान शिकवते. १९९१ ची होंडा बीट मिड-इंजिनच होती, ६५६ सीसी, ६४ हॉर्सपॉवर, ७६० किलो. ती कुणी मोकळ्या ट्रॅकवर शिकायला घेतली तर मी स्वतः फ्लॅग धरून उभी राहीन. पण रोजच्या ट्रॅफिकमध्ये, जिथे अजून आरसे, सिग्नल, क्लच आणि शेजारचा बाइकवाला हे चारही एकावेळी सांभाळता येत नाहीत, तिथे पाचवी कटकट कशाला? शिकायला चूक परवडावी लागते.

एवढं सांगूनही जे ऐकणार नाहीत (आमच्याकडे एक आहे) त्यांनी निदान ईएससी असलेलीच शोधा आणि टायर बघा. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्श करेरा जीटीच्या अपघातात गेला ती मिड-इंजिन, ६०० च्या वर हॉर्सपॉवर, स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, आणि चालवणारा मित्र रेसिंग केलेला होता, नवशिका नव्हे. तपासात कारण वेग निघालं, इंजिन कुठे होतं ते नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण टायर नऊ वर्षांहून जुने होते हेही त्याच तपासात आलं. या गाड्या शेडमध्ये पडून असतात, टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. टायरच्या कडेवर डॉट कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. चारही चाकांचे वाचा. पुढचे नवे आणि मागचे जुने असं दिसलं तर टेस्ट ड्राइव्हलाही बसू नका.