क्यूआर काढून काय साधणार?

जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. ओरड झाली ती मुख्यतः बंगळूरला, पण धास्ती बेळगावपर्यंत पोचली. तिथल्या शहापूर भागातल्या माझ्या मामांनी किराणा दुकानातला क्यूआर उचलून गल्ल्याखाली ठेवला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून दोन तट पडलेत. रोखच बरी, कुणाला पत्ता लागत नाही, हा एक. कमावता तर कर भरा की, हा दुसरा. आणि मी जर्मनीत असल्यामुळे दोघेही मला साक्षीला ओढतात: "जर्मनीत कसं असतंय, सांग की!"

सांगितलं तर दोघांचीही पंचाईत. इथं रोख अजून जोरात आहे. बुंडेसबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, 2023 च्या पाहणीत 51 टक्के खरेद्या रोखीने झालेल्या निघाल्या. कार्डावर कमिशन जातं म्हणून स्टुटगार्टातल्या बेकऱ्या थोडक्या पैशांना कार्ड घ्यायला कुरकुरतात. आपल्याकडे 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला ते शून्य. या बाबतीत शहापूर कितीतरी पुढे आहे. पण इथं रोख म्हणजे लपलेली, असं मात्र नाही. 2020 पासूनच इथं इलेक्ट्रॉनिक गल्ला वापरणाऱ्याला एका पावाचीही पावती द्यावी लागते. बेकरीवाले तेव्हा भरपूर चिडले होते. वर्षाला किती उलाढालीपर्यंत जीएसटीसारखा कर माफ, ती मर्यादाही 25 हजार युरोच, आपल्याकडच्या मालविक्रीच्या 40 लाख रुपयांहून बरीच खाली. फरक एवढाच, की धंदा सुरू करतानाच कर कार्यालयाचा फॉर्म भरून अंदाजे उलाढाल कळवावी लागते. नियम आधी कळतो.

मामांना 40 लाख कुणी सांगितले होते? दिवसाला 11 हजारांची विक्री झाली की वर्षाला तेवढे होतात, आणि किराणात त्यातले हातात किती राहतात ते मामींना विचारा. नोंदणी करून कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या योजनेत, गेलं तर विक्रीवर 1 टक्का कर. 45 लाखांवर 45 हजार. जड आहे, पण बुडवणारं नाही. खरी गोम आपल्या सीमेची आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडचं गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेलं तर काही प्रश्न नाही. तोच करपात्र माल टेम्पोत घालून सीमेपलीकडच्या शिनोळीला पोचवला, की ती आंतरराज्य विक्री. मग 40 लाखांची सूट नाही आणि कंपोझिशनही नाही. सीमाभागातल्या दुकानदाराला हे कोण समजावतं? क्यूआर चिकटवून गेलेला पोरगा पुन्हा फिरकलाच नाही. (सीमाप्रश्नावर भाषणं करणाऱ्यांपैकीही कुणी यावर बोलल्याचं मी ऐकलं नाही.)

शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांना बोलावलं, आणि नोंदणी करा, जुनी बाकी वसूल करणार नाही, असं सांगितलं. हेच आधी नोंदणीची मुदत देऊन करता आलं असतं. चार वर्षांचे आकडे एकदम अंगावर टाकले, तर माणूस रोखीकडे पळणारच.

मामांच्या दुकानात रोज संध्याकाळी पिग्मीवाला, म्हणजे दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणारा, येतो. 1928 मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ही पद्धत. ती बँक 2020 मध्ये कॅनरात विलीन झाली, पण पिग्मी गल्लोगल्ली चालूच आहे. मामांचा धंदा किती, उधारी किती, हे त्याला तोंडपाठ. आपल्या पतसंस्थांनी याच माणसांना जीएसटीची जुजबी माहिती शिकवून धाडलं, आणि महिन्याला थोडे पैसे घेऊन हिशेब भरून द्यायची सोय केली, तर मामा ते पैसे कुरकुरत का होईना, देतील. क्यूआर मात्र आत्ताच वर काढा म्हणावं. आधीच्या जमा रकमा बँकेत नोंदलेल्याच आहेत, पाटी लपवून त्या पुसल्या जात नाहीत.