धाडसी चोर, धडाडीचे भाऊ

पहिला मान चोराला द्या. गॅसकटरने एटीएम फोडलं की बातमीत 'धाडसी चोरी' लिहायचं. भरदिवसा फोडलं असेल तर 'अत्यंत धाडसी'. पकडला गेला तर तो 'सराईत'. हा शब्द चुकूनही मिस्त्रीला लावू नका. केसभर फट न ठेवता त्याने दाराची चौकट बसवली, तरी 'हात बरा आहे' एवढ्यावर थांबा. जास्त बोललात तर मजुरी वाढवून मागेल.

घरात 'पराक्रम' आणि 'प्रताप' हे शब्द पोरांसाठी राखून ठेवा. लोणच्याची बरणी फुटली, गणितात दांडी उडाली, की 'काय पराक्रम केलात?' आणि 'बघा चिरंजीवांचे प्रताप!' पूर्वी याचं वाटप निराळं होतं. कुडतोजी गुजरांचे प्रतापराव झाले ते लढाया मारून, आणि १६७४ मध्ये नेसरीला सहा स्वार सोबत घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले तेव्हा त्या किताबाची किंमतही त्यांनी जिवानिशी चुकती केली. हंसाजी मोहित्यांनाही 'हंबीरराव' व्हायला तलवारच गाजवावी लागली. भलतीच वेळखाऊ पद्धत! आता संध्याकाळी फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, की सकाळी चौकात ढाण्या वाघ तयार.

वाढदिवसाचा मजकूर लिहायला बसलात तर भाऊंनी आजवर केलं काय, याची चौकशी करू नका. उगाच गैरसमज होतात. 'धडाडीचे'ने सुरुवात करा, मग 'झुंजार', मग 'कार्यसम्राट'. निवडणूक हरले असतील तर 'लढवय्ये'. उभेच राहिले नसतील तर 'भावी'. पक्ष बदलला असेल तर 'मुत्सद्दी', दोनदा बदलला असेल तर 'चाणक्य'. फोटो गॉगल लावलेला आणि मोबाइल कानाला धरलेला घ्या. पलीकडे कोण बोलतंय हे कोणी विचारत नाही. 'मुलुखमैदान तोफ' तर बिनधास्त वापरा. मूळची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, हल्ली विजापूरच्या बुरुजावर असते आणि पर्यटक तिच्यासोबत फोटो काढतात. आवाज म्हणाल तर कैक वर्षांत नाही. भाऊंचाही सर्वसाधारण सभेत नाही. इतकी चपखल उपमा शोधून सापडायची नाही.

ताईंसाठी 'रणरागिणी'. रणाची गरज नाही. पालिकेच्या फाटकासमोर रिकामा हंडा आणि वेळेवर आलेला फोटोग्राफर पुरे. तान्ह्या लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरली म्हणतात त्या हिरकणीचीही सोय झालेली आहे: एसटी स्टँडवर तिच्या नावाचा कक्ष असतो. दाराला कुलूप दिसलं तर किल्ली कोणाकडे हे शोधत फिरा. तेवढंच धाडस आजच्या आईच्या वाट्याला.

लष्कराचं या बाबतीत काही शिकू नका. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे १९४८ च्या एप्रिलमध्ये जखमी अंगाने नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत होते, आडवी पाडलेली झाडं उडवत होते, रणगाड्यांना वाट करून देत होते. त्यांना परमवीरचक्र मिळालं. सोबतच्या प्रशस्तिपत्रात वाघ नाही, तोफ नाही. कुठला रस्ता, किती अडथळे, एवढाच हिशेब. असल्या मजकुरावर एक फ्लेक्ससुद्धा खपायचा नाही.

शब्द कुठे वाया घालवू नयेत, तेही सांगतो. माणसाला हाताने मैला काढायला लावण्यावर आणि साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणूस उतरतो. पहिला वर आला नाही म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो. खाली काय आहे ते त्याला ठाऊक असतं, तरी उतरतो. हे वाचून हात 'धाडसी'कडे जाईल, तो आवरा. तो शब्द आपण एटीएमवाल्याला दिलाय. मथळा साधा ठेवा: 'ड्रेनेजमध्ये गुदमरून दोघांचा मृत्यू'. अगदीच राहवलं नाही तर 'दुर्दैवी' चालेल. नावं 'कळू शकली नाहीत' म्हणा, तसा प्रघात आहे. ठेकेदाराला मात्र विशेषणाशिवाय सोडू नका, बरं दिसत नाही. 'अनुभवी' लिहा. पुढचं टेंडर भरताना कात्रण जोडायला बरं पडेल.