बीआयएम केलं की आरसीसी डिझायनर लागत नाही? कोणी सांगितलं?

'आर्किटेक्ट आणि इंजिनिअरसाठी बीआयएमचे जबरदस्त फायदे' असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग: बांधायच्या आधी अख्खी इमारत, तिच्या प्रत्येक भागाच्या माहितीसकट, कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेलमध्ये उभी करायची. आणि आरसीसी डिझायनर म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं गणित करून देणारा इंजिनिअर. आमच्या इंजिनिअर लोकांच्या ग्रुपवर आला तेव्हा मी वाचून सोडून दिला. पण काल मावसभावाचा फोन आला. गुहागरला समुद्राच्या बाजूला त्याच्या होमस्टेचं काम निघतंय, तळमजला आणि वर एक, आणि तो मला म्हणतो, "अगो, आता आरसीसीवाल्याला वेगळी फी कशाला द्यायची, त्या बीआयएममध्ये सळई सॉफ्टवेअरच ठरवतं ना?" हे त्याने मनाने काढलेलं नाही, मेसेजात तसंच लिहिलंय. म्हणून आता गप्प बसवत नाही. मी स्वतः रोज मॉडेलवरच काम करते, बीआयएम कोकणात यावं असं मनापासून वाटतं, आणि नेमका म्हणूनच हा मेसेज जास्त डोक्यात जातो.

आधी तोच सळईचा मुद्दा, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील, हिने माणसं जातील. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सळई काढता येते, मोजता येते, तिचं बेंडिंग शेड्यूलही, म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची आणि कशी वाकवायची याची यादी, निघतं. पण त्या बीममध्ये १२ एमएमची लागेल की १६ची, हे त्यावर येणारा भार, खालची माती, भूकंपाचा झोन, वारा हे सगळं धरून डिझाइन करावं लागतं. ते गणित स्टाड नाहीतर ईटॅब्स या वेगळ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि तिथेही आकडे माणूसच भरतो, आणि आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का हेही माणूसच बघतो.

एकट्या कव्हरचंच घ्या. कव्हर म्हणजे सळईच्या बाहेर काँक्रीटचा जो थर राहतो तो. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, आयएस ४५६:२०००, उघडून बघा. किनाऱ्याच्या हवेत उघडं राहणारं काँक्रीट त्यात 'सिव्हिअर' वर्गात टाकलंय, म्हणजे काँक्रीट कमीत कमी एम ३० ग्रेडचं (हा आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि ४५ एमएम कव्हर. समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर 'व्हेरी सिव्हिअर', एम ३५ आणि ५० एमएम. घाटावर आतल्या कोरड्या खोलीत 'माइल्ड'ला २० एमएम चालतं. आता सॉफ्टवेअरला कुठे माहीत की हा कॉलम लाटांपासून हाकेच्या अंतरावर आहे? टेम्प्लेटमध्ये जे कव्हर भरलेलं असेल तेच ते घेणार आणि मॉडेल दिसायला एकदम सुबक दिसणार. मग काही वर्षांत सळई गंजून फुगते, काँक्रीटचे पोपडे पडतात, गॅलरीच्या खालून लाल डाग उतरतात. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या कितीतरी इमारतींच्या गॅलऱ्या खालून बघा, दिसेल. छपराचंही तेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे पत्रे उडाले. पत्रा मॉडेलमध्ये काढणं दोन मिनिटांचं काम आहे, तो धरून ठेवणारे बोल्ट किती आणि कुठे हे कोणीतरी जबाबदारीने काढून सही करून द्यावं लागतं. सॉफ्टवेअर सही करत नाही!

दुसरा दावा, 'क्लॅश डिटेक्शनमुळे साइटवर एकही चूक होत नाही.' क्लॅश डिटेक्शन म्हणजे दोन गोष्टी एकाच जागी आल्या तर मॉडेलमध्ये ते पकडणं. यातलं अर्धं खरं आहे, मान्य करते. वरच्या मजल्यावरच्या टॉयलेटचा ११० एमएमचा सॉइल पाइप (मैल्याचा पाइप) बीममधून जातोय हे मॉडेलमध्ये आधीच लाल होऊन दिसतं. साइटवर कळलं तर काय होतं? प्लंबर छिन्नी-हातोडा घेतो आणि बीम फोडतो, सळई आडवी आली तर तीही कापतो, वर प्लास्टर केलं की कोणाला पत्ता लागत नाही. हे मी बघितलंय. एवढं एक टळलं तरी मॉडेलची मेहनत वसूल. पण जे मॉडेलमध्ये काढलंच नाही त्याचा क्लॅश दिसणार कसा? जांभ्याचा चिरा प्रत्येक खाणीचा थोडा वेगळा येतो, भिंत कागदावर असते तेवढीच जाडीला भरेल असं नाही. ते साइटवर टेप लावूनच बघायचं.

एस्टिमेटबद्दल थोडक्यात. काँक्रीटचं घनफळ, लाद्या, खिडक्या यांचे आकडे मॉडेलमधून छान निघतात. पण वेस्टेज, शटरिंग, गाडीभाडं त्यात आपोआप येत नाही, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, खणताना कातळ किती खाली लागेल हे ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घेतल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

'खर्च निम्म्यावर येतो' म्हणे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेचा २००४ चा अहवाल आहे. एकाच्या सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्याकडे नीट जात नाही, म्हणून पुन्हा भरा, पुन्हा शोधा, पुन्हा करा, यात तिथल्या मोठ्या इमारती आणि कारखान्यांच्या क्षेत्राचे २००२ साली १५.८ अब्ज डॉलर गेले असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यातला दोन तृतीयांश फटका मालक आणि इमारत चालवणाऱ्यांना बसला. म्हणजे पैसे गळतात ते माहिती पुढे जात नाही म्हणून. आता आपल्याकडे आर्किटेक्ट मॉडेल करतो, आरसीसीवाल्याला पीडीएफ मिळते, आणि प्लंबर मोबाइलवरचा फोटो झूम करून काम करतो. असं असेल तर सॉफ्टवेअर कितीही महागाचं घ्या, एक रुपया वाचणार नाही. उलट सुरुवातीला काम वाढतं आणि आर्किटेक्टला फीचा मोठा हप्ता आधी द्यावा लागतो. तो द्यावा, कारण नंतर खिडकी हलवली की प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन आणि शेड्यूल (दारं-खिडक्यांची यादी) चारही ठिकाणी एकदम बदलतं, तीन बदलून चौथं विसरलं असं होत नाही. कोकणात तर याला वेळही आयता मिळतो, पावसाळ्यात साइट बंद असते तेव्हा सगळ्यांनी बसून मॉडेल पक्कं करायचं आणि पाऊस उघडला की पाया घ्यायचा.

'ब्रिटनमध्ये बीआयएमशिवाय बांधकामाला परवानगीच नाही' हे सरळ खोटं आहे. ४ एप्रिल २०१६ पासून तिथे लेव्हल २ बीआयएम (प्रत्येकाने आपलं मॉडेल करून ठरलेल्या पद्धतीने एकमेकांना द्यायचं) लागू झालं ते केंद्र सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना, खाजगी घराला नाही. आणि ड्राफ्ट्समनची नोकरी जाणार म्हणून घाबरवणाऱ्यांना एवढंच सांगते की डिटेल समजणारा जुना ड्राफ्ट्समन मॉडेलिंग शिकला की नुसतं सॉफ्टवेअर येणाऱ्या नवशिक्या पोरापेक्षा चांगलं मॉडेल करतो.

मालकाच्या कामाची एक गोष्ट मात्र मेसेजात नाहीच. काम संपल्यावर प्रत्यक्ष बांधलं तसं दुरुस्त केलेलं मॉडेल आयएफसी फाइलमध्ये मागून घ्या. हा खुला फॉरमॅट आहे, आयएसओ १६७३९, कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेला नाही. मावसभावाला मी हेच सांगितलंय: आरसीसी डिझायनर नेम, त्याच्या सहीची ड्रॉइंग घे, ४५ एमएमचे कव्हर ब्लॉक (सळईखाली तेवढी जागा राखणारे ठोकळे) स्लॅब भरायच्या आधी स्वतः उभा राहून बघ, आणि आयएफसी फाइल मिळाल्याशिवाय आर्किटेक्टचा शेवटचा हप्ता देऊ नको.