मामा, गोळ्या बंद करायच्या नाहीत!

परवा रात्री पारोळ्याहून मामांचा फोन. "आते गोया बंद करू का रे भाऊ?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड: 'एक्सोसोमचे थेंब जिभेखाली घ्या, ४० दिवसांत सिरोसिस गायब, नवं लिव्हर! नोबेल मिळालेलं तंत्र. नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. लिव्हर सडवणाऱ्या गोळ्या आजच बंद करा.' खाली ऑर्डरसाठी नंबर.

शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण जीव जातो तो तिच्यामुळे. मामांना हेपॅटायटिस बी आहे. टेनोफोव्हिरची रोजची एक गोळी त्या विषाणूला दाबून ठेवते. मनाने सोडली की विषाणू उसळू शकतो, आणि सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या लिव्हरला तो तडाखा झेपत नाही. कावीळ वाढते, पोटात पाणी भरतं, माणूस दगावूही शकतो. मागच्या पावसाळ्यात मामांच्या पोटातून पाच लिटर पाणी काढलं, तेव्हा कुठे धोतराची गाठ नीट बसली. ते पाणी पुन्हा साचू नये म्हणून दिलेल्या गोळ्याही यांच्या लेखी 'सडवणाऱ्या'!

नोबेल? २०१३ साली रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना मिळालं, ते पेशीच्या आत मालाच्या पुड्या नेमक्या जागी कशा पोचतात या शोधासाठी. थेंबांसाठी नाही.

'नैसर्गिक' हे मात्र अर्धं खरं. एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या पुड्या; आत प्रथिनं, आरएनए. पण लिव्हरच्या आजारी पेशीही त्या सोडतात, आणि त्यांतले निरोप मिळाले की तिथल्या तारकापेशी चेतून व्रणाचे धागे विणत सुटतात. म्हणजे सिरोसिसकडे नेण्यातही याच नैसर्गिक पुड्यांचा हात.

मूलपेशींच्या पुड्या टोचून उंदरांच्या लिव्हरमधला फायब्रोसिस, म्हणजे हेच व्रणाचे धागे, कमी झाला, हेही कबूल. उंदरांच्या, आणि टोचून. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता: मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही, आणि नेब्रास्कात अशा उपचारानंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला आहे.

राहिले ४० दिवस. तेवढ्यात आमच्याकडे मेथी निघते.

मामांना म्हटलं, आत्ताची गोळी घ्या, मी फोन चालू ठेवतो. घेतली. मग हळूच म्हणाले, पैसे सकाळीच पाठवून झालेत.