ती ओळ आणि ती शीर्षकं आम्ही का काढणार नाही

नमस्कार.

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. पुस्तकं वेळेवर आणि नीट बांधून आली हे तुम्ही आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तक्रार नव्या वेबसाइटची आहे. पहिल्या पानावरचं सरकतं चित्र गेलं, जिकडेतिकडे मोठ्या अक्षरांतली शीर्षकं आली, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘मुखपृष्ठ, पुस्तके, कादंबरी, पुस्तकाचं नाव’ अशी ओळ विनाकारण जागा अडवते. शेवटी तुम्ही विचारलंय : हे अंध ग्राहकांसाठी केलं म्हणता, पण छापील पुस्तकांच्या दुकानात अंध माणसं येणार किती?

आधी याच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. येतात. मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं घ्यायला, लग्नामुंजीत भेट द्यायला, आणि स्वतःसाठीसुद्धा. पुस्तक घरी स्कॅन करायचं, ओसीआरनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं, मजकूर काढायचा आणि संगणकाकडून वाचून घ्यायचा, असं कितीतरी जण करतात. २०१२ च्या दुरुस्तीपासून आपला कॉपीराइट कायदा त्याला मुभा देतो. मराठीतली बरीच पुस्तकं ई-बुक किंवा ऑडिओत निघालेलीच नाहीत; त्यांना ते पुस्तक हवं असेल तर छापील प्रत घेण्यावाचून इलाज नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली गर्दी तुम्हाला माहीत आहे. ज्यांना दिसत नाही त्यांनी घरबसल्या मागवायचं म्हटलं, तर आमची साइट त्यांना वापरता आलीच पाहिजे.

आता शीर्षकांचं. आमचे एक नेहमीचे ग्राहक कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना अजिबात दिसत नाही. साइट बांधून होत आली तेव्हा त्यांना काउंटरच्या आत बसवलं आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. त्यात एनव्हीडीए होतं. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरांनी उभा केलेला, २००६ पासूनचा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. सरांनी माउसला हातही लावला नाही. पुढच्या शीर्षकावर नेणारं एच दाबलं, आवाज आला : पुस्तकाचं नाव, ‘हेडिंग लेव्हल वन’. मग दुसऱ्या पातळीच्या शीर्षकासाठी २ चा आकडा : ‘पुस्तकाविषयी’. पुन्हा २ : ‘लेखकाविषयी’. पुन्हा २ : ‘वाचकांचे अभिप्राय’. तिथे थांबून त्यांनी अभिप्राय ऐकले, तेही इतक्या वेगात की मला अर्धे शब्द कळत नव्हते.

तुलनेसाठी त्यांनी दुसऱ्या एका साइटवरचं पान उघडलं. त्यावरही ठळक, मोठी अक्षरं होती. एच दाबल्यावर मात्र ‘नो नेक्स्ट हेडिंग’. अक्षरं नुसती मोठी केली की डोळ्यांना ते शीर्षक वाटतं, पण कोडमध्ये एच१, एच२ अशी खूण नसेल तर स्क्रीन रीडरच्या लेखी तो साधा मजकूर. मग मेनू, कार्ट, सवलती, सगळं बाणाच्या बटणानं एकेक ओळ ऐकत खाली जायचं. वेबएम या अमेरिकी संस्थेनं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या पाहण्या केल्या आहेत. लांबलचक पानावर काही शोधायचं तर आधी शीर्षकांवरून जातो, असं त्यांत सुमारे ७० टक्के लोक सांगतात. दुकानात कपाटांवर विषयांच्या पाट्या असतात, त्या आम्ही सजावट म्हणून लावत नाही. ही शीर्षकं त्याच कामाची आहेत.

वरच्या ओळीचंही तसंच. कुणी व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवतं आणि माणूस पहिलं पान न बघता थेट एखाद्या पुस्तकावर येऊन पोचतो. दिसणाऱ्याला एका नजरेत अंदाज येतो. ऐकणाऱ्याला ही ओळ सांगते : चार गोष्टींची यादी, त्यातली शेवटची ‘करंट पेज’. ‘कादंबरी’वर एंटर मारलं की सगळ्या कादंबऱ्या समोर. मधले बाण आम्ही मजकुरात टाइप केलेले नाहीत, नुसते रेखाटलेत. नाहीतर दर शब्दामागे ‘ग्रेटर दॅन’ ऐकावं लागण्याची शक्यता.

सरकतं चित्र परत येणार नाही. आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांहून जास्त चालत असेल, तर तो थांबवायची सोय हवी, असं वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. तसं बटण लावता आलं असतं. पण शांतपणे पुस्तकं चाळू द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदाही याच बाजूचा आहे : अपंग हक्क कायदा २०१६ चा, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं ठरवलं. पण आमच्या सरांना पुस्तक शोधताना कुणाची मदत मागावी लागू नये, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

फोनवर लांब नावांमुळे ती ओळ तीन ओळींत जाते, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. पुस्तकाचं नाव लगेच खाली शीर्षकात पूर्ण असतंच, म्हणून ओळीतलं नाव पडद्यावर छोटं दिसेल असं करतोय; स्क्रीन रीडरला ते पूर्णच ऐकू येईल. किमतीनुसार यादी लावायची तुमची सूचनाही घेतली आहे. बदल झाल्यावर तुमच्या फोनवर एकदा उघडून बघा, आणि ओळ तरीही तुटत असेल तर फोनचं मॉडेल इथेच कळवा.